जळण वाचवणारी लोखंडी चूल: आठ महिन्यांनंतर

दिवाळीत घेतली, आता आषाढ आला. घरात सहा माणसं. गॅस आहे, पण 14.2 किलोची टाकी महिनाभरसुद्धा पुरत नाही, म्हणून भाकरी, डाळ आणि आंघोळीचं पाणी जळणावरच होतं.

आधी सरपणाचं सांगते. बाभळीची एक मोळी मातीच्या चुलीला चार दिवस जायची, हिला सात दिवस जाते. लाकडं जाळीवर राहतात, खालून वारा लागतो आणि जाळ थेट पातेल्याच्या बुडाला भिडतो. फुंकणी खुंटीवरून खाली आलेलीच नाही. धूर कमी झालाय, गेलेला नाही. पण सासूबाई आता चुलीशेजारी बसून डाळ निवडतात आणि पदर डोळ्याला लावत नाहीत, हे मला मोळीपेक्षा मोठं वाटतं.

भाकरीसाठी मात्र ही घेऊ नका. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरली की चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला उभी करायची, मग ती टम्म फुगते. इथे निखारे पुढे ओढायला जागाच नाही. चिमट्यात धरून जाळावर शेकली तर कडा करपतात आणि मध्ये कच्ची राहते. दोन महिने खटपट केली आणि जुनी चूल पुन्हा सारवून घेतली. भाकरी तिच्यावर, बाकी सगळं हिच्यावर.

दुसरं म्हणजे लाकूड अंगठ्याएवढं बारीक लागतं. रोज दुपारी अर्धा तास कोयता चालवावा लागतो, आणि तो बाईच्याच वाट्याला येतो. घरात आधीच ठरवून घ्या. आमच्याकडे आता रविवारी मालक आठवड्याचं फोडून ठेवतात. पऱ्हाट्या चालतात, पण भराभर जळतात, चुलीपुढून हलता येत नाही. पावसात ओलं जळण घातलं तर जुन्या चुलीपेक्षा जास्त धूर होतो.

पाचव्या महिन्यात जाळी वाकली. दुकानदार म्हणाला, सुटी मिळत नाही. गावातल्या वेल्डिंगवाल्याने सळईची करून दिली, ती अजून टिकून आहे. सासूबाईंकडे पूर्वी सरकारी योजनेतली निर्धूर चूल होती. ती योजना 1983 ला सुरू झाली होती. धुराडं काजळीने तुंबलं, दुरुस्तीला कुणी फिरकलं नाही, शेवटी त्यांनी ती फोडून टाकली. म्हणून म्हणते, पैसे देण्याआधी दुकानात जाळी सुटी मागून बघा. नाही म्हणाला तर निदान जाळीचं माप घेऊन ठेवा.