टेस्टआधी कॅशे पुसायचा की दर टेस्टला वेगळा प्रिफिक्स द्यायचा?

लातूरच्या आडत बाजारातले सोयाबीन-तुरीचे भाव दाखवणारं जँगो या पायथनमधल्या वेब-फ्रेमवर्कवरचं एक ॲप आम्ही सांभाळतो. भाव बदलतो मोजक्या वेळा, पण विचारला जातो सारखा, म्हणून तो कॅशेत, म्हणजे हाताशी ठेवलेल्या प्रतींच्या साठ्यात ठेवलेला; आमचा कॅशे रेडिस या मेमरीतल्या वेगवान डेटाबेसमध्ये आहे. कोड तपासणारी प्रत्येक टेस्ट संपली की जँगो मुख्य डेटाबेस पूर्ववत करतो, कॅशे मात्र तसाच राहतो. एका टेस्टचा भाव मग दुसरीला दिसतो.

डमी कॅशे लावून मोकळे होणारेही आहेत. पण तो काही साठवतच नाही. शिळा भाव दिसण्याची चूक त्यात कधी सापडायची नाही. उरतात दोन वाटा.

पहिली, सेटअपमध्ये म्हणजे टेस्टआधीच्या तयारीत, कॅशे पुसणाऱ्या ‘क्लिअर’ची एक ओळ. नव्या माणसालाही लगेच कळते. टेस्ट एकामागून एक चालायच्या तोवर आमची काही तक्रार नव्हती.

पुढे वेळ वाचवायला, टेस्ट समांतर चालवणाऱ्या एक्सडिस्टवर चार वर्कर (एकाच वेळी टेस्ट चालवणाऱ्या प्रक्रिया) केले आणि एक टेस्ट अधूनमधून पडू लागली. ती एवढंच बघते की भाव दुसऱ्यांदा मागितला तर डेटाबेसला हात लागू नये. 0 क्वेरी हव्यात, झाली 1. परत चालवली की पास. शेजारचा सहकारी म्हणायचा, “दादा, माझ्याकडं तर पास होतंय की.” तीन दिवस मी भावाचा कोड खालीवर करत बसलो. दोष तिथं नव्हताच. दोन मागण्यांच्या मधे दुसऱ्या वर्करचं क्लिअर येऊन पडत होतं. जँगोच्या रेडिस बॅकएंडमध्ये क्लिअर म्हणजे रेडिसची फ्लशडीबी ही आज्ञा. ते प्रिफिक्स (कीच्या, म्हणजे नोंदीच्या नावाच्या, आधी लागणारा तुकडा) बघत नाही, रेडिसच्या त्या डेटाबेसमधलं सगळं पुसतं. माझं लोकल लॉगिन सारखं का उडतं, तेही तेव्हाच उमगलं: लॉगिन लक्षात ठेवणारी सेशनही तिथंच होती. टेस्ट लाल, म्हणजे नापास दिसली की परत चालवायची, ही सवय टीमला लागली, याचं मला जास्त वाईट वाटलं.

आता दुसरी वाट: टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टच्या फिक्स्चरमध्ये (टेस्टआधी चालणाऱ्या तयारीच्या कोडमध्ये) दर टेस्टला नवा यूयूआयडी, म्हणजे वेगळा ओळखक्रमांक काढून कॅशेच्या सेटिंगमधला की-प्रिफिक्स बदलतो. पुसापुशी नाही. ती टेस्ट त्यानंतर विनाकारण पडलेली मला आठवत नाही. उरलेल्या कीज मुदत संपली की जातात. वेगळी दिली नसेल तर 300 सेकंद. बिनमुदतीच्या कीज मात्र साठत राहतात. आणि कुणी जँगोला वळसा घालून थेट रेडिसमध्ये लिहीत असेल, तर प्रिफिक्स कामाचा नाही. तिथं दर वर्करला रेडिसचा वेगळा डेटाबेस क्रमांक द्यावा. रेडिसमध्ये मुळात 16 असतात, क्लस्टरमध्ये (अनेक सर्व्हरवर पसरलेल्या रेडिसमध्ये) मात्र सहसा एकच.

टेस्ट थोड्या असतील, एकाच रांगेत चालत असतील, तर क्लिअर पुरेसं आहे. फिक्स्चरचा पसारा कशाला? पण पुढंमागं समांतर चालवायच्या असतील, तर मी तरी आधीच प्रिफिक्स घालून ठेवेन. तूर खरेदीचं नवं मॉड्यूल हाती घेतलं, तेव्हा पहिली टेस्ट लिहायच्या आधी मी ते फिक्स्चर तिकडं उचलून नेलं.