स्कुटीवर सहा मिनिटं: टोस्टमास्टर्सचा माझा अनुभव

आधी एका व्यक्तिमत्त्व-विकास क्लासला पैसे घालवले होते. तिथे चार रविवार नुसतं 'आत्मविश्वास बाळगा' ऐकलं, माइक हातात आलाच नाही. म्हणून टोस्टमास्टर्सच्या, म्हणजे लोकांसमोर बोलण्याचा सराव करवणाऱ्या संस्थेच्या, मराठी क्लबात जाताना मी जरा साशंकच होते.

इथलं पहिलं भाषण, 'आइसब्रेकर', स्वतःबद्दल. वेळ चार ते सहा मिनिटं. चौथ्या मिनिटाला हिरवा दिवा, पाचव्याला पिवळा, सहाव्याला लाल. मी बँकेतल्या बढतीवर लिहून नेलं होतं. माझ्या मेंटर ताईंनी (क्लबातल्या मला मार्गदर्शन करणाऱ्या सदस्य) कागद वाचला आणि विचारलं, "हे तर बायोडेटात आहेच की. घरी कशाचं कौतुक झालं?"

घरी कौतुक झालं होतं ते चव्वेचाळिसाव्या वर्षी स्कुटी शिकले त्याचं! मग तेच बोलले. द्वारका सर्कलच्या सिग्नलला गाडी बंद पडली, मागून हॉर्नचा नुसता गदारोळ, आणि एक रिक्षावाले दादा ओरडले, "मावशी, साइड स्टँड!" स्टँड खालीच होता. लोक खो-खो हसले आणि माझे पाय लटपटायचे थांबले. लाल दिवा लागला तेव्हा मी अजून सिग्नललाच होते, घरी पोचायची राहिले.

नंतर 'अ‍ॅ-काउंटर'नं, म्हणजे बोलताना उगाच येणारे शब्द मोजणाऱ्या सदस्यानं, हिशेब दिला: 'म्हणजे' तेवीस वेळा. राग आला, पण खोटं नव्हतं. मूल्यमापन करणाऱ्यांनी मात्र थोडं कमी गोड बोलायला हरकत नाही.

वर्गणी सहा महिन्यांची एकदम भरावी लागते. मी दुसऱ्यांदा भरली. पुढचं भाषण बिघडलेल्या पुरणपोळ्यांवर.