पांढऱ्या कोटाला पांढरा रंग किती लागतो? आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी हिशेब सांगतो. नोव्हेंबर ते जून या आठ महिन्यांत टेबलावरच्या युद्धखेळासाठी २८ मिमी उंचीचे ६० ऑस्ट्रियन पायदळ शिपाई (छोटे पुतळे) रंगवून झाले, १२ बाकी आहेत. सगळे १८०९ सालचे, म्हणजे मे महिन्यात आस्पर्न-एसलिंगला आणि जुलैत वाग्रामला नेपोलियनसमोर उभं राहिलेल्या सैन्यातले. अंगात पांढरा कोट, खाली पांढरी विजार, छातीवर फुली मारल्यासारखे दोन पांढरे पट्टे. एवढं सगळं पांढरं रंगवूनही शुद्ध पांढऱ्या रंगाची १७ मिलीची बाटली अजून निम्मी शिल्लक आहे. डेक टॅन नावाच्या मळकट राखाडीच्या मात्र दोन संपल्या. घाईत असलेल्यांना एवढं उत्तर पुरे.

हे सैन्य मी निव्वळ आगाऊपणाने निवडलं. बहुतेक जण निळे फ्रेंच घेतात, आपण वेगळं करू, असं वाटलं. त्यांच्या तोफखान्याला तपकिरी कोट होते, हंगेरियन पलटणींना निदान विजार तरी फिकट निळी होती. मी नेमकी जर्मन पलटण (त्याच सैन्यातली, जर्मन भाषिक भागातली) उचलली. गुडघ्याखालचे काळे गेटर्स (पायावरची कापडी आवरणं) आणि डोक्यावरचा काळा शाको (उंच टोपी) सोडला तर ब्रशला दुसऱ्या रंगाची चव नाही.

पहिले सहा शिपाई कसे बिघडले ते सविस्तर सांगतो, कारण हीच चूक बहुतेक जण करत असावेत. पांढरा प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला हात), त्यावर पांढरा रंग, मग घड्यांमध्ये सावली यावी म्हणून वरून काळा वॉश, म्हणजे खळग्यांत साचणारा पाण्यासारखा पातळ रंग. वाळल्यावर सहाही जण कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे दिसायला लागले. वॉश घड्यांत बसतो तसा सपाट भागावरही बसतो आणि कडेला चहाच्या कपाखाली उमटतो तसा गोल डाग सोडतो. गडद रंगावर तो खपून जातो, पांढऱ्यावर कुठे लपणार? मग मी ते डाग पांढऱ्याने झाकत बसलो. चार-पाच हात झाल्यावर कोटाची बटणं बुजली आणि पृष्ठभाग चुना फासलेल्या भिंतीसारखा खरबरीत झाला. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायॉक्साइडची पूड असते. रंग जाड लावला की ती खडूसारखी दिसते, पातळ लावला की ब्रशच्या रेघा उठतात. शिवाय सुरुवातच शुद्ध पांढऱ्याने केली की उजेड दाखवायला वर पायरीच उरत नाही. खांद्यावर ऊन पडलंय हे दाखवायचं कशाने?

सध्याची पद्धत अशी आहे. राखाडी प्रायमर. त्यावर वालेहो कंपनीच्या मॉडेल कलर मालिकेतला डेक टॅन (बाटलीवरचा क्रमांक ७०.९८६) दोन पातळ हातांत. बाटलीत बघितलात तर हा रंग पांढऱ्या कापडाचा आहे असं कुणी म्हणणार नाही, ओल्या सिमेंटमध्ये थोडं दूध घातल्यासारखा दिसतो. मग घड्यांचे खळगे तसेच सोडून उरलेल्या भागावर ऑफ-व्हाइट (७०.८२०), तोही एका दमात नाही. पहिला हात निम्मा डेक टॅन मिसळून, दुसरा नुसता. शुद्ध पांढरा (७०.९५१) फक्त खांद्याचा वरचा भाग, कोपर, गुडघा आणि बाहीची कड एवढ्यापुरता. टेबलावर हातभर अंतरावरून बघितलं की डोळा त्या चार ठिपक्यांवरून अख्खा कोट पांढरा ठरवतो. एका शिपायाला, नुसत्या कपड्यांचे, सुमारे ४० मिनिटं लागतात. ते मला मान्य आहे, माझ्या पाठीला नाही.

मधे एक वळण आलं ते आईमुळे. मी रंगवत असताना ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "हे सगळे पिवळट का दिसतायत रे? नीळ घाल की." तिच्या दृष्टीने पांढरं म्हणजे शेवटच्या पाण्यात नीळ टाकून काढलेलं धोतर. बोलणं बिनतोड होतं. जुन्या सुती कापडाचा पिवळेपणा निळसर छटेने मारला जातो, म्हणून तर डोळ्याला ते जास्त पांढरं वाटतं. मी लगेच आठ शिपायांना डेक टॅनऐवजी पेल ग्रे ब्लूचा (७०.९०७) हात दिला. सुटे बघितले तेव्हा झकास, कडक इस्त्री केल्यासारखे. पण माझी पलटण आहे चौथी, व्हिएन्नाची डॉइचमाइस्टर, आणि तिची कॉलर न् बाह्यांचे कफ आकाशी रंगाचे. निळ्या सावलीच्या कोटावर ती आकाशी कॉलर दिसेनाशीच झाली. शिवाय हे कोट लोकरीचे. लोकरीचं पांढरं मुळातच सायीकडे झुकतं, त्याला नीळ शोभत नाही. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग लोकर आहे असं आधी सांगायचंस." ते आठ जण मी मागच्या रांगेत उभे केलेत.

आता पट्टे. पांढऱ्या कोटावर पांढरे पट्टे, हीच या सैन्याची खरी परीक्षा. कातडी पट्ट्यांना पांढरी माती घासून ते शुभ्र ठेवत, त्यामुळे कोटापेक्षा पट्टा उजळ दिसला तर चुकत नाही. कोट ऑफ-व्हाइटवर थांबवायचा आणि पट्टा जवळजवळ शुद्ध पांढरा करायचा, हे सुचायलाच मला फेब्रुवारी उजाडला. तरीही फरक पुरेसा पडत नाही. खरं काम करते ती दोघांच्या मधली रेघ. काळी रेघ मारलीत तर शिपाई व्यंगचित्रातला वाटतो. मी गडद तपकिरीत डेक टॅन मिसळतो, दुधाइतका पातळ करतो आणि पट्टा रंगवायच्या आधी त्याच्या दोन्ही कडांना सोडतो. मग पट्टा रंगवताना रेघेचा निम्मा भाग झाकला जातो आणि उरते ती केसाएवढी. आधी पट्टा आणि मग रेघ असा उलटा क्रम धरला तर हात स्थिर लागतो, आणि रात्री अकरा वाजता माझा तो नसतो.

एका हातात आधार आणि सावली दोन्ही देणारे पातळ रंग २०१९ मध्ये सिटाडेल कंपनीने काँट्रास्ट नावाचे असे रंग काढल्यापासून फार लोकप्रिय झाले आहेत. त्या प्रकारचा पांढऱ्यासाठीचा एक रंग (कुठल्या कंपनीचा ते राहू दे) मी बारा शिपायांवर वापरला. एका शिपायाला वेळ १२ मिनिटं. सपाट पाठीवर तो तळं करून बसतो, ते वाळायच्या आत कोरड्या ब्रशने टिपून घ्यावं लागतं. वरून खांद्यावर थोडा ऑफ-व्हाइट दिला की मागच्या रांगेला चालून जातं. पुढच्या रांगेला, निशाणवाल्याला, ताशेवाल्याला मी तो लावणार नाही.

पावसाळ्याचं वेगळं. जूनमध्ये गॅलरीत स्प्रे प्रायमर मारला आणि दमट हवेत तो बुरशीसारखा दाणेदार बसला. तेव्हापासून ब्रशने लावायचा प्रायमर वापरतो. ओला पॅलेट (काढलेला रंग वाळू न देणारी पाटी) घरीच केलाय: चपटा डबा, ओला टिश्यू, वर बेकिंग पेपर. चार दिवसांत वास यायला लागला, तेव्हा त्यात एक जुना तांब्याचा पैसा टाकला, वास थांबला. दुसरा शहाणपणा मात्र अंगाशी आला. पांढऱ्या रंगाची पूड जड असते, तळाशी बसते, म्हणून बाटलीत छर्रा टाकून हलवतात. मी सायकलच्या दुकानातून साधे स्टीलचे छर्रे आणून टाकले. तीन आठवड्यांत ते गंजले आणि ऑफ-व्हाइटची अख्खी बाटली बिस्किटाच्या रंगाची झाली. तीनशेच्या आसपास रुपये गेले. स्टेनलेस किंवा काचेचाच मणी टाका.

टिकाऊपणाबद्दल: पाण्याच्या मॅट वार्निशचे दोन पातळ हात दिले आहेत, आतापर्यंत सहा डाव खेळून झाले. पिवळेपणा आलेला नाही. रंग उडाला तो संगिनींच्या टोकांवर आणि एकाच्या कोपरावर. पण पांढऱ्यावर बोटांचा मळ दिसतोच. पोहे खाऊन हात न धुता एका मित्राने अख्खी रांग पुढे सरकवली, त्यातल्या दोघांच्या पाठीवर हळद आहे. साबणाच्या पाण्याने फिकट झाली, गेली नाही. आता पायदळ हाताने उचलायचं नाही, ट्रेसकट सरकवायचं असा नियम केलाय.

पुन्हा खरेदी करेन का? डेक टॅन आणि ऑफ-व्हाइट प्रत्येकी दोन, शुद्ध पांढरा एकच, काळा वॉश नाही. उरलेले १२ झाले की मराठा स्वारांचा एक छोटा संच घ्यायचा विचार आहे. सुती अंगरखे, उन्हातले. पेल ग्रे ब्लूची बाटली त्यासाठी राखून ठेवली आहे, आणि यावेळी कापड कुठलं ते आईला आधी सांगणार आहे.