उन्हाळ्यात डोळ्यांपुढे अंधारी: ताक की ओआरएस?

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो. पूर्व भागात यंत्रमागावर दिवसभर उभी राहणारी माझी मावशी खाली बसून उठली की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा बीपी २० किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टर ते लक्षणीय मानतात. घामातून पाणी आणि मीठ गेलं की रक्ताचं प्रमाण घटतं, मग उठताना मेंदूला रक्त कमी पोचतं.

मावशीचा भरवसा ताकावर. रोजच्या जेवणात भाकरीबरोबर चिमूटभर मीठ घातलेलं ताक मलाही उत्तम वाटतं. स्वस्त आहे, घरचं आहे. पण मिठाचा अंदाज प्रत्येक हाताचा वेगळा.

खूप घाम किंवा जुलाबानंतर मात्र मी ओआरएसच देईन. एक लिटरमध्ये २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. ही साखर चवीसाठी नाही. तिच्यासोबत आतडं मीठ आणि पाणी शोषून घेतं. म्हणून पुडी अर्ध्या पेल्यात कालवू नका, पाकिटावर लिहिलेलंच पाणी घ्या.

चक्कर आलीच तर आधी आडवं करा, पाय उशीवर ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका.

बीपीची गोळी, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं, बोलणं अडखळलं, शौच काळं झालं, तर थेट दवाखाना.