व्हार्निशच्या नावाखाली गोंद विकला आणि वर चूक माझीच म्हणे

ॲक्रिलिक पोरिंग (पातळ केलेला रंग कॅनव्हासवर ओतून पेंटिंग) करणाऱ्यांनी सुटं व्हार्निश घ्यायच्या आधी हे वाचा, माझे 5 कॅनव्हास खराब झालेत. ऑनलाइन एकाकडून ग्लॉस व्हार्निश मागवलं, साधी पांढरी बाटली, वर घरी प्रिंट केलेलं लेबल, यूव्ही प्रोटेक्शन, कधीच पिवळं पडणार नाही वगैरे. मोठ्या कॅनमधून काढून देतो म्हणून स्वस्त पडतं म्हणाला, मला पटलं.

मी घाई अजिबात केली नव्हती. पेंटिंग 3 आठवडे वाळू दिलं, सेल्ससाठी (रंगात उठणाऱ्या गोल पेशींसारख्या नक्षीसाठी) रंगात घातलेलं सिलिकॉन ऑइल भांड्याच्या साबणाच्या पाण्याने मऊ स्पंज फिरवून काढलं, परत कोरडं केलं आणि मग 2 पातळ कोट, दुसरा पहिल्याला आडवा. वाळल्यावर फिके पडलेले रंग व्हार्निशखाली परत ओल्यासारखे गडद झाले, त्या क्षणासाठीच तर आपण एवढे दिवस थांबतो ना.

मग हवा दमट झाली आणि सगळीकडे दुधाळ थर दिसायला लागला, बोट टेकवलं की ठसा. दोन कॅनव्हास समोरासमोर टेकवून ठेवलेले ते चिकटले, सोडवताना एकाचा रंग सोलून दुसऱ्यावर गेला. मला रडूच आलं.

त्याला फोटो पाठवले तर लगेच उत्तर, "मॅडम, सिलिकॉन नीट निघालं नसणार." आणि मी महिनाभर स्वतःलाच दोष देत बसले, कारण ही धाकधूक आपल्या सगळ्यांच्या मनात असतेच आणि त्याला ते बरोबर माहीत होतं! पण सिलिकॉन राहिलं तर व्हार्निश ओलं असतानाच जागोजागी गोल खड्डे पडून मागे सरकतं, असं कितीतरी दिवसांनी सगळीकडे दुधाळ आणि चिकट होत नाही.

शेवटी स्वच्छ काचेवर तेच व्हार्निश लावलं, आठवडाभर वाळवलं आणि वर पाण्याचे थेंब ठेवले. अर्ध्या तासात पांढरं पडलं आणि चोळल्यावर विरघळून हाताला आलं. चांगलं ॲक्रिलिक व्हार्निशही पाण्याने थोडं धुरकट होऊ शकतं पण कोरडं झालं की परत साफ दिसतं, असं विरघळत नाही. काचेवर ना रंग होता ना सिलिकॉन, म्हणजे दोष बाटलीचाच. माझ्या मते तो पाणी घातलेला पांढरा गोंद आहे. व्हिडिओ पाठवला तर त्याने ब्लॉक केलं, बिल मागितलंच नव्हतं त्यामुळे हातात काही नाही.

सीलबंद बाटलीच घ्या, बॅच नंबर बघा, आणि हे व्हार्निश नंतर कशाने काढता येतं, अमोनियाने की मिनरल टर्पेंटाइनने, हे कंपनीने लिहिलंय का तेही बघा, याच्या लेबलवर त्यातलं काहीच नव्हतं. नवीन बाटली असेल तर आधी काचेवर लावून बघा, पेंटिंगवर नाही. आणि व्हार्निशच्या खाली पारदर्शक ॲक्रिलिक जेलचा आयसोलेशन कोट द्या, म्हणजे व्हार्निश काढताना खालच्या रंगाला धक्का लागू नये म्हणून मधला थर, मी तो कंटाळा करून सोडला आणि आता तेच महागात पडतंय.

उरलेले तीन कॅनव्हास ओल्या स्पंजने थोडे थोडे पुसून काढतेय. एक साफ झालाय, दुसऱ्याच्या कोपऱ्यातून निळा रंगच सुटायला लागला म्हणून तिथे थांबलेय.