कंपाऊंडला बांबू लावायचाय, माणगा घेऊ की पिवळा की हेजवाला?

कोल्हापुरात बंगल्याच्या कडेनं आडोसा करायचा म्हटलं की नर्सरीत हीच तीन नावं पुढं येतात. थंडीचं टेन्शन घेऊच नका, आपल्याकडं पाणी गोठण्याइतकी थंडी पडत नाही, तिन्ही आरामात टिकतात, खरा प्रश्न जागेचा आहे.

पिवळा दिसायला एक नंबर, पिवळ्याधमक काठीवर हिरव्या रेघा, पण पूर्ण वाढला की 35-40 फूट जातो आणि बेट ऐसपैस पसरतं, मग दोन गुंठ्याच्या प्लॉटात तो शेजारच्या गच्चीवर नाहीतर लाईटच्या वायरवर झुकणारच. शेतघर असेल, मागं मोकळं रान असेल तर खुशाल लावा.

हेजवाला म्हणजे बारीक पानांचा, मल्टिप्लेक्स जातीचा बांबू. बोटाएवढी काठी, खालपासून गच्च पानं, छाटून 10-12 फुटांवर ठेवता येतो. नुसता आडोसाच पाहिजे आणि भिंतीलगत तीन-चार फुटांची पट्टी आहे तर हाच घ्या, जास्त विचार करू नका.

माझा जीव मात्र माणग्यात. आपल्या सह्याद्रीतला, सिंधुदुर्गात तर घरोघरी बांधावर असतो, काटे नाहीत, काठी जवळजवळ भरीव, उंची 25-30 फूट, आणि तीन वर्षांची काठी तोडली की मांडवाला, वेलाला, टोमॅटोला कशालाही चालते. 2017 पासून जंगलाबाहेरचा बांबू वनकायद्यात झाड धरत नाहीत, त्यामुळं तोडायची धास्ती नको. उणं एकच, खाली फांद्या कमी, म्हणून खालचा भाग उघडा दिसतो. आणि याचं बी मिळत नाही, रोप कंदापासून नाहीतर काठीच्या कलमापासूनच करतात, तेव्हा कुणी बियांचं पाकीट माणगा म्हणून दिलं तर घेऊ नका.

कुठलाही लावा, पहिली एक-दोन वर्षं काड्याच दिसतात, वैतागून उपटू नका. बांबूची काठी नंतर जाड होत नाही, दर पावसाळ्यात नवे कोंब आधीच्यापेक्षा जाड येतात आणि त्याच सीझनला पूर्ण उंची गाठतात, म्हणून छाटताना जुन्या काठ्या काढायच्या, नव्या ठेवायच्या. नदीकडच्या काळ्या रानात पाणी साचतं, तिथं उंचवटा करूनच लावा, आणि मार्च ते मे पाणी तोडू नका.

ऑनलाईन 'गोल्डन बांबू' मागवताना जात विचाराच. त्याच नावानं फायलोस्टॅकिस नावाचा वेगळाच बांबू पण विकतात, त्याची मुळं जमिनीखालून लांब पळतात, बाहेरच्या देशात त्याला अडवायला दोन-अडीच फूट खोल प्लास्टिकची भिंत पुरतात. वरची तिन्ही बेट करून राहणारी आहेत.