एकट्या एचबीएसएजीवर थांबायचं की तिन्ही तपासण्या करायच्या?

ऑपरेशनच्या आधी किंवा गरोदरपणात हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूजन्य आजारासाठी बहुधा एकच रक्ततपासणी होते, एचबीएसएजी, म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरचा घटक शोधणारी. काही रिपोर्टांवर तिचं जुनं नाव 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' अजून दिसतं. अमेरिकी शास्त्रज्ञ ब्लमबर्ग यांना हा घटक ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात सापडला, त्यावरून ते पडलं.

ही तपासणी स्वस्त आणि झटपट आहे. पण ती एवढंच सांगते की लागण आत्ता चालू आहे की नाही. निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन दोघं बाहेर पडतात. एकाला लसीचं संरक्षण असतं, दुसऱ्याला उद्याही लागण होऊ शकते. रिपोर्ट मात्र अगदी सारखा. हा फरक दुसऱ्या तपासणीत, अँटी-एचबीएसमध्ये कळतो; ती संरक्षण देणाऱ्या अँटिबॉडी मोजते. आकडा १० (mIU/mL) किंवा त्याहून जास्त आला तर संरक्षण आहे. कमी आला आणि लस कधीच घेतली नसेल, तर आधी अँटी-एचबीसी (विषाणूच्या गाभ्याविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी) बघून लस सुरू करावी.

लोक टाळतात ती हीच तिसरी, अँटी-एचबीसी. माझ्या मते ती सर्वांत मोलाची. लसीमुळे ती कधीच पॉझिटिव्ह येत नाही, त्यामुळे खरी लागण कधीतरी होऊन गेली का, ते तिच्यातूनच कळतं. अँटी-एचबीएस आणि अँटी-एचबीसी दोन्ही पॉझिटिव्ह, एचबीएसएजी निगेटिव्ह, म्हणजे आजार होऊन बरा झाला. तरी विषाणूचा अंश यकृताच्या पेशींत दडून राहतो. पुढे केमोथेरपी किंवा रितुक्सिमॅबसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू झालं, तर तो पुन्हा उसळू शकतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. आधी माहीत असेल तर डॉक्टर संरक्षक गोळ्या देतात. म्हणून असे उपचार ठरले असतील, तर एकट्या एचबीएसएजीवर समाधान मानू नका.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह आली तर लगेच घाबरू नका. लस घेतल्यावर पहिले दोन-तीन आठवडे ती तात्पुरती पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा लसीची तारीख डॉक्टरांना सांगा. लागण नवी असेल तर अँटी-एचबीसी आयजीएम, म्हणजे ताज्या लागणीत दिसणाऱ्या अँटिबॉडीची तपासणी, बहुधा पॉझिटिव्ह येते. सहा महिन्यांनंतरही एचबीएसएजी तशीच राहिली तर आजार दीर्घकालीन धरतात. मग एचबीव्ही डीएनए (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) आणि एसजीपीटी (यकृताला इजा होतेय का ते सांगणारी तपासणी) बघून औषधाचं ठरतं. प्रत्येकाला औषध लागतंच असं नाही, पण नियमित तपासणी प्रत्येकाला लागते.

गरोदर बाईची एचबीएसएजी मात्र चुकवू नये, बाळाचं पुढचं सगळं तिच्यावर ठरतं. ती पॉझिटिव्ह असेल, तर बाळाला लसीचा पहिला डोस २४ तासांच्या आत, शक्यतो १२ तासांतच, आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, द्यावं लागतं.

बाकी कुणीही, आयुष्यात एकदा तपासणार असाल तर तिन्ही एकदम करा. घरात कुणी पॉझिटिव्ह असेल तर नवरा-बायको, मुलं सगळ्यांच्याच. २०१८मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांवर उपचार मोफत आहेत. आणि त्या माणसाचं ताट-वाटी वेगळी काढू नका. एकत्र जेवल्याने हा आजार पसरत नाही. रेझर आणि टूथब्रश तेवढे वेगळे ठेवा.